माणसं कमी, जंगल भरपूर, तरी हाताला काम का नाही? (गडचिरोली)

वडसेकर
मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. बी.एस्सी. झालाय, गडचिरोलीत खोली करून तीन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे मैदान, दुपारी अभ्यासिका, संध्याकाळी पुन्हा मैदान. म्हणाला, "मामा, पुण्यात कुठंतरी चिकटवून दे ना. काहीही चालते." गडचिरोली जिल्ह्यातलं माझं वडसा सोडून मला एकवीस वर्षं झाली. तेव्हा मीही माझ्या मामाला हेच म्हणालो होतो, बहुतेक याच शब्दांत.

तेव्हापासून एक हिशेब डोक्यात बसत नाहीये. जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १० लाख ७३ हजार. म्हणजे चौरस किलोमीटरला ७४ माणसं. राज्याची सरासरी ३६५. वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी, इंद्रावती सगळ्या आमच्याच कडेकडेनं वाहतात. वर साग, बांबू, बिडीच्या पानांचा तेंदू, मोह आणि खाली लोखंड. शाळेत शिकवलं होतं की माणसं जास्त म्हणून बेकारी. मग जिथं माणसंच कमी, तिथं प्रत्येकाच्या वाट्याला जास्त यायला नको का?

जाणकारांनी समजावून सांगा. फक्त "नक्षलवाद" एवढंच उत्तर देऊन निघून जाऊ नका, ते आम्हाला जन्मापासून पाठ आहे.

हिंजवडी_हमाल
चौरस किलोमीटरला ७४? आमच्या कंपनीच्या लिफ्टसमोर सकाळी नऊला एवढे असतात.

भाच्याला पाठवा, पण आधी सांगा की इथं काम आहे आणि राहायला जागा नाही. तिथं उलटं.

पिवळी_छत्री
मी मूळची साताऱ्याची. भामरागड तालुक्यात उपकेंद्रावर चार वर्षं नर्स होते, त्यामुळे थोडं लिहायचा हक्क आहे असं समजते.

वडसेकर, तुमचा हिशेब वाटणीचा आहे. जणू काम आधीपासून तिथं पडलेलं आहे आणि माणसं कमी असली की प्रत्येकाला मोठा तुकडा मिळेल. प्रत्यक्षात पुष्कळसं काम माणूसच माणसासाठी तयार करतो. आमच्या गावातल्या एका मुलानं मोबाईल दुरुस्तीचा कोर्स केला, दुकान टाकलं. गावात घरं चाळीस. पुढचं गाव सहा किलोमीटर, मध्ये नाला. आठवड्याला दोन फोन यायचे, त्यातला एक माझा. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की भामरागडच तुटायचं, तर सुटे भाग कुठून येणार? आठ महिन्यांत शटर बंद. मुलगा आळशी नव्हता. तेच दुकान कराडच्या स्टँडवर असतं तर त्यानं दोन पोरं हाताखाली ठेवली असती.

म्हणून तिथं टिकतो तो आठवडी बाजार. गिऱ्हाईक दुकानापर्यंत येऊ शकत नाही, मग दुकानच गावोगाव फिरतं. आज या गावाला, उद्या त्या गावाला, तेच व्यापारी, तीच गाडी. सात गावांचं मिळून एक गिऱ्हाईक होतं.

आणखी एक, आमच्यासारख्यांबद्दल. तिथला नियमित पगार म्हणजे शिक्षक, नर्स, पोलीस, वनरक्षक. आम्ही काय करायचो? सुट्टी मिळाली की जीपनं आलापल्ली, नाहीतर अहेरी. महिन्याचं सामान, कपडे, मुलांची पुस्तकं, सगळं तिकडून. पगार भामरागडचा आणि खर्च अहेरीचा. आम्ही तिथं राहूनही त्या गावाचं गिऱ्हाईक झालोच नाही. हे मला बदलीनंतर कळलं.

हिंजवडी_हमाल
पिवळी_छत्री, शेवटच्या परिच्छेदासाठी दंडवत. मीही पगार पुण्यात घेतो आणि बँकेला देतो.

ऑस्लोतला_गार_चहा
विरळ वस्तीमुळे काम नाही हे पटलं नाही. मी राहतो त्या नॉर्वेत चौरस किलोमीटरला पंधराच्या आसपास माणसं आहेत. डोंगर आणि खाड्या इतक्या की शेजारच्या गावाला जायला बोट लागते. इथं बेकारी फार कमी. म्हणजे दोष वस्तीचा नाही.

गोदातीर
@ऑस्लो, आमच्या सिरोंचाला एक समुद्र, थोडे मासे आणि खाली तेल पाठवून द्या. बाकीचं आम्ही बघतो.

ऑस्लोतला_गार_चहा
हा हा, तेल नंतर आलं हो. पण गंमत बाजूला ठेवतो. इथं दूरच्या उत्तरेकडच्या भागात राहणाऱ्यांना सरकार करात सूट देतं आणि शैक्षणिक कर्जाचा काही भाग माफ करतं. भूगोल अवघड आहे हे मान्य करून त्याची किंमत सगळा देश भरतो. आपल्याकडे ती किंमत तिथं राहणाऱ्यानं एकट्यानं भरायची, हा फरक.

कातळावरचा_खेकडा
रत्नागिरीचा दाखला देतो. आमच्याकडे घनता १९७, म्हणजे तुमच्या अडीचपटीहून जास्त. रेल्वे आहे, बंदरं आहेत, मुंबई रात्रभराच्या अंतरावर. तरी २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. आमच्याकडे हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत. याचा अर्थ स्त्रियांची भरभराट झाली असा काढू नये, बाप्ये मुंबईला आहेत.

आणि खरी मजा पुढे आहे. आंब्याच्या बागेत राखणीला आणि काढणीला आज नेपाळी माणूस लागतो. पोरगा परळला हेल्पर, त्याच्या बागेत नेपाळचा गडी. म्हणजे बेकारी आहे आणि माणूसही मिळत नाही, दोन्ही एकाच गावात. का? काम तीन-चार महिन्यांचं. पोट बारा महिन्यांचं.

मुकादम_नाही
खेकडाशेठ, हे शेवटचं वाक्य आमच्या बीडच्या वेशीवर लावावं.

आमच्याकडे जंगल नाही, पाऊसही नाही. दसरा-दिवाळी झाली की गावं रिकामी. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता, त्याला मुकादम विचारत नाही, म्हणून पोरांची लग्नं लवकर उरकतात. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. माझे आईवडील पंधरा हंगाम गेले. मी वसतिगृहात राहिलो म्हणून आज इथं टंकतोय.

वडसेकर, तुमच्याकडून बाहेर टोळ्या जात नाहीत का?

गोदातीर
जातात की. धान निघाला की मिरचीला. आमच्या सिरोंचा-अहेरीकडून आणि वर चामोर्शीपर्यंतची माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात. जानेवारीत गेली की उन्हाळ्याच्या तोंडाला परत. येताना पैसे आणि सोबत मिरचीची पोती. २०२० च्या टाळेबंदीत हेच लोक डोक्यावर पोती घेऊन जंगलातून चालत आले होते. माझ्या घरासमोरून गेलेत, पाणी द्यायला आम्ही दारात उभे राहायचो.

भूगोलाचं म्हणाल तर आमचा तालुका महाराष्ट्रात आहे हे नकाशावाल्यांना माहीत. जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरवर. आमची बोली निम्मी तेलुगू. २०१६ ला गोदावरीवर काळेश्वरमचा पूल सुरू झाला आणि एका वर्षात सगळं तोंड तिकडे फिरलं. दवाखाना तिकडे, कापड तिकडे, मजुरी तिकडे. पूल झाला की रोजगार येतो म्हणतात. आमच्याकडून माणूस जायची सोय झाली. पुलाच्या खालच्या अंगाला, नदीवर पुढं मेडीगड्डा बॅरेज (बंधारा), २०१९ ला उद्घाटन. पाणी अडलं ते त्यांच्या शेताला, फुगलं ते आमच्या काठाला.

तरी पूल नको असं म्हणणार नाही. त्याआधी बाळंतीण डोंग्यातून नेलेली पाहिली आहे.

धागा_राखणदार
आरक्षण आणि जातीनिहाय पदं यावरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. विषय महत्त्वाचा आहे, पण भाषा सांभाळा. त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा.

मोहफूल
एटापल्ली तालुक्यातून लिहितोय, नेटवर्क आहे तोवर. उशिरा आलो पण सगळं वाचलं.

बाहेरच्यांना वाटते की जंगलात काम नाही. काम खूप आहे हो, फक्त ते पंधरा-पंधरा दिवसांचं आहे. मार्च-एप्रिलला मोह वेचणी. पहाटे चारला टोपली घेऊन निघायचं, नाहीतर गाई-ढोरं खातात. त्याआधी तेंदूची झुडपं छाटायची, म्हणजे कोवळा पाला फुटतो. एप्रिल-मे मध्ये तेंदू तोडाई. अख्खं घर पहाटे रानात, दुपारी अंगणात बसून पुडे बांधायचे. पुड्यात ७० पानं, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. संध्याकाळी फळीवर (पानं जमा करायच्या जागी) मोजून द्यायचे, मग वाळवणं, उलटणं, बोद (मोठी पोती) भरणं. वीसेक दिवसांत संपलं. त्यात दोन पाऊस पडले की पान काळं. त्याच वीस दिवसांच्या पैशातून बियाणं, शाळेची फी, लग्न. पावसाळ्यात धानाची रोवणी, बाया हुंड्यानं (म्हणजे ठेक्यानं) घेतात, वाकून वाकून कंबर जाते. दिवाळीला कापणी. मग पुढं काय? हाच प्रश्न आहे.

पूर्वी तेंदू-बांबू दोन्ही सरकार आणि ठेकेदार. आम्ही फक्त हात. २००६ चा वनहक्क कायदा आला, २००९ ला मेंढा (लेखा) गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकू देईनात, वाहतुकीचा परवाना वनखात्याकडे. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्राचे मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्याला आले तेव्हा तो परवाना ग्रामसभेच्या हाती आला. बांबू म्हणजे गवतच, पण त्याला झाड म्हणायचं की गवत, यावर एवढी वर्षं गेली! आता आमच्याकडच्या बऱ्याच ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. मजुरी वेगळी, रॉयल्टी वेगळी, खात्यावर.

पण गोड गोड नाही सांगत. एका वर्षी बोली अशी चढली की गावात सात मोटारसायकली आल्या. पुढच्या वर्षी ठेकेदार फिरकलाच नाही. पान आमचं असलं तरी बिडी आमची नाही. बिडी वळणं, गोदाम, बाजार सगळं दूर. मोह वेचतो आम्ही, पावसाळ्यात भाव चढतो तेव्हा तो व्यापाऱ्याच्या गोदामात. ठेवायला जागा असती तर अर्धा प्रश्न तिथंच सुटला असता.

हिंजवडी_हमाल
मोहफूल नाव घेऊन दारूबंदीच्या जिल्ह्यातून लिहिताय, जपून. :)

मोहफूल
१९९३ पासून बंदी आहे भाऊ. नाव फुलाचं आहे, बाटलीचं नाही. आमच्या आया त्याचे लाडू पण करतात.

आकडेमोड
मोहफूल यांचा प्रतिसाद वाचून वडसेकरांचा मूळ हिशेब पुन्हा मांडून पाहिला. ७४ हा आकडाच फसवा आहे.

जिल्ह्याच्या सुमारे ७० टक्के भागावर वन आहे. उरतं ते ३० टक्के, म्हणजे ४,३०० चौ. किमी. च्या आसपास. शेती, गाव, रस्ता, तलाव सगळं त्यातच. १० लाख ७३ हजार भागिले ४,३०० केलं तर २५० च्या जवळ येतं. आणि बीडची २०११ ची घनता किती? २४२.

म्हणजे ज्या जमिनीवर नांगर चालतो तिथं गडचिरोली आणि बीड यांच्यात फारसा फरक नाही. आपण जंगल भाजकात धरतो आणि म्हणतो "केवढी मोकळी जागा". ती मोकळी नाही, तिला मालक आहे.

मुकादम_नाही
बाप रे. म्हणजे आम्ही चुलतभाऊ निघालो.

पिवळी_छत्री
@आकडेमोड, हिशेब छान. एक दुरुस्ती मात्र. तिथला माडिया आदिवासी माणूस त्या ७० टक्क्यांतही जगतो. सरपण, कंद, मोह, मासे, औषध. जंगलाला भाजकातून पूर्ण काढलंत तर तेही खोटं होईल. म्हणून तर मोहफूल म्हणतात तो हक्काचा प्रश्न कामाचाच प्रश्न आहे.

आकडेमोड
मान्य. खरा आकडा ७४ आणि २५० च्या मध्ये कुठंतरी, आणि तो कायद्याप्रमाणे सरकतो.

दक्षिणद्वार
सगळे जण जंगल-जंगल करताय, सुरजागडच्या लोखंडाच्या खाणीचं कोणी बोलेना. माझा चुलतभाऊ तिथं डंपर चालवतो. दर महिन्याला पगार, पीएफ, ड्रेस. कोनसरीला लोखंडाचा कारखाना आल्यापासून चामोर्शी-आष्टीकडे खोल्या भाड्यानं जातायत, खानावळी निघाल्या. पंधरा दिवसांच्या तेंदूवर किती पिढ्या काढायच्या? २०१६ मध्ये तिथं सत्तरच्या वर गाड्या जाळल्या होत्या, तेव्हा कोणाला वाटलं होतं का की हे दिवस येतील?

मोहफूल
तुमच्या भावाचं भलं होवो, मनापासून. पण डोंगर तोच आहे जिथं आमचा देव आहे, आणि खनिज नेणाऱ्या ट्रकांनी आमचा रस्ता असा केलाय की बाजाराला जायला दुप्पट वेळ. ज्याला नोकरी मिळाली तो एक. ज्याचं पाणी लाल झालं ते गाव. हा हिशेब पण आकडेमोड यांनी करावा.

दक्षिणद्वार
रस्ता वाईट आहे हे मान्य. पण आधी तरी कुठं होता?

मोहफूल
पायवाट होती. तिला खड्डे पडत नव्हते.

आकडेमोड
मला मध्ये घेऊ नका, दोघांकडेही आकड्यात न मावणारं काहीतरी आहे. एक निरीक्षण तेवढं. खाण हे काम भूगोलानं जागेला खिळवलेलं, ते पुण्याला नेता येत नाही. पण आजची खाण यंत्रावर चालते, टनाच्या मानानं माणसं थोडी. लोखंडापासून पुढं जे बनतं ते किती जवळ बनतं, यावर ठरेल.

जुना_मालगुजार
धाग्यात उत्तर गडचिरोलीचा उल्लेखच नाही याचं वाईट वाटलं. वडसा, आरमोरी, कुरखेडा हा झाडीपट्टीचा भाग, मामा (माजी मालगुजारी) तलावांचा. इटियाडोह धरणाचं पाणी आहे. जिल्ह्याचं जुनं रेल्वे स्टेशन एकच, वडसा (देसाईगंज), म्हणून राईस मिली तिकडे. आरमोरीला कोशाचं कापड विणतात. म्हणजे पाणी आणि रूळ जिथं पोचले तिथं काम दिसतं. वडसा-गडचिरोली लाईन मंजूर झाल्याचे पेढे मी खाल्ले तेव्हा केस काळे होते.

जिल्ह्यात मोठी धरणं फारशी का झाली नाहीत? मोठं कारण १९८० चा वनसंवर्धन कायदा. तुलतुलीसारखे प्रकल्प त्यातच अडकले. जंगल राखलं आमच्या जिल्ह्यानं, हवा घेतली सगळ्यांनी. ऑस्लोवाले म्हणतात तसं काहीतरी मिळायला हवं होतं.

कातळावरचा_खेकडा
"केस काळे होते" वर हसलो. कोकण रेल्वे आमच्याकडे १९९८ ला पूर्ण झाली. गाडी आली, थांबा लांब. पेढे जपून खा.

सातवा_पडदा
एवढे सगळे हुशार जमलेत आणि वडश्याचा सर्वात मोठा धंदा विसरलेत? नाटक!

कापणी झाली, भाऊबीज झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा. दिवसा बाजार आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्री दहाला पडदा वर, पहाटे चारला खाली. होळीपर्यंत हंगाम. वडश्याला एका रस्त्यावर ओळीनं नाटक मंडळांची ऑफिसं, गावकरी येऊन तारीख बुक करतात. नट, लावणीवाल्या, ऑर्गन, तबला, नेपथ्य, लाईट, मंडप, गाडीवान, पोस्टर छापणारा, रात्रभर चहा-भजी विकणारा. एका प्रयोगामागे किती पोटं! मुंबई-पुण्याचे नट येतात आमच्याकडे, थंडीत कुडकुडत.

आणि हे का चालतं? तेच, भूगोल. धानाचं एकच पीक, डिसेंबरात हात रिकामे, खिशात थोडा पैसा, गावं छोटी आणि विखुरलेली. पिवळी_छत्री यांचा आठवडी बाजार आहे ना, तसंच. थिएटर बांधायला गाव पुरत नाही, म्हणून थिएटर गावोगाव फिरतं.

पिवळी_छत्री
हे मला सुचायला हवं होतं. मी एक नाटक पाहिलंय, पोतं अंथरून. अडीच वाजता झोप लागली, खलनायकाच्या हसण्यानं जाग आली.

हिंजवडी_हमाल
वडसेकर, भाच्याचा आवाज कसा आहे?

वडसेकर
चार दिवस कामात होतो. सगळं भाच्याला पाठवलं, त्यानं बसून वाचलं. त्याचं म्हणणं जसंच्या तसं टंकतो.

"मामा, तुम्ही वाटणीचा हिशेब मांडला, ती नर्सबाई बरोबर म्हणते. पण भरती सोड म्हणणाऱ्या सगळ्यांना सांगा, आमच्या अभ्यासिकेत पोरं पोलीसच्या मागं का लागतात. गावात बारा महिने पगार येणारं घर तेवढंच दिसते. बाकी सगळं हंगामी. आणि आमच्या भरतीत गोंडी-माडियाचा पेपर असतो. मला बोलता येते, बाहेरच्याला येत नाही. आख्ख्या दुनियेत एवढ्या एका जागी माझं गाव माझ्या कामी येते. पुण्यात काय कामी येईल?"

मला उत्तर देता आलं नाही. पुण्याचं त्यानं अजून एक भरती होईपर्यंत पुढं ढकललंय. दरम्यान कुरखेड्याचा त्याचा मित्र आणि तो मिळून मोह साठवायला छोटं गोदाम भाड्यानं घ्यायचं म्हणतायत, मोहफूल यांचा तो शेवटचा परिच्छेद वाचून. मला भांडवल मागितलं. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

मोहफूल, साठवलेल्या मोहाला कीड लागू नये म्हणून तुमच्याकडे काय करतात? आणि परवान्याचं काय, दारूबंदीच्या जिल्ह्यात मोह किती ठेवता येतो?

मोहफूल
आधी कडक उन्हात पाच-सहा दिवस वाळवा, वाजला पाहिजे हातात. जमिनीला लागू देऊ नका, खाली लाकडी फळ्या टाका. परवान्याचं ग्रामसभेत विचारून सांगतो, तोंडी कोणाचं ऐकू नका. भाच्याला म्हणा मार्चच्या आधी ये, फुलं पडायला लागली की आमच्याकडे कोणाला बोलायला वेळ नसतो.

सातवा_पडदा
आणि मंडई चुकवू नका म्हणावं.